विरळ वस्तीत राहून स्पर्धेचं बुद्धिबळ जमतं का? (भाचा उत्तर नॉर्वेत, समोर बसायला माणूस नाही)

रानजाई

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान कामानिमित्त गेल्या ऑगस्टपासून नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, फिन्मार्कमध्ये आहेत. हा प्रदेश आकाराने अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठा, आणि माणसं किती? पाऊण लाखाच्या आसपास. टाइप करताना चूक झालेली नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

भाचा ११ वर्षांचा, रेटिंग (खेळाची ताकद मोजणारा आकडा) १६८०. इथे असताना महिन्याला दोन स्पर्धा व्हायच्या, शनिवार-रविवार कुठल्यातरी हॉलच्या बाहेर सतरंजीवर बसून काढलेले आहेत आम्ही. आता तिथला जवळचा क्लब गाडीने दीड तासावर. मंगळवारी संध्याकाळी सहा-सात जण जमतात, त्यातले चार साठीच्या पुढचे. मुलाच्या वयाचं कोणी नाही. तो रात्री ऑनलाइन खेळतो, पण बहीण म्हणते की हल्ली हरला की चिडत नाही, नुसता पुढचा डाव सुरू करतो. तिला त्याचीच काळजी वाटते.

प्रश्न सरळ आहे. अशा ठिकाणी राहून मूल या खेळात टिकतं का? की दोन-तीन वर्षं गेलीच समजायची?

तिरकस उंट

दोन महिने सूर्यच येत नाही, तिथे प्रतिस्पर्ध्याने यावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का ताई? (दिवे घ्या. तिथे लागतीलच.)

मधुरा_क

मला तर यात काही अडचणच दिसत नाही. हल्लीची निम्मी पोरं स्क्रीनवरच तयार झालीत. लिचेस ही ऑनलाइन खेळायची साइट फुकट आहे, कोडी फुकट आहेत, चाली तपासणारं इंजिन फुकट आहे, प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवर. नेट चांगलं असलं की झालं, आणि नॉर्वेत नेट चांगलंच असणार. उलट दर शनिवारी हॉलबाहेर ताटकळायचं वाचलं. हे माझं वैयक्तिक मत.

पटपंच

मी बरीच वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

मधुराताई, सराव स्क्रीनवर होतो हे मान्य. पण फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग समोरासमोर बसून खेळलेल्या डावांवरच मिळतं. किताबांचं गणित तर आणखी कठीण. ग्रँडमास्टर नॉर्मसाठी, म्हणजे त्या किताबाकरता एखाद्या स्पर्धेत करावी लागणाऱ्या ठरावीक कामगिरीसाठी, साधारण ९ डावांत २६०० ची कामगिरी लागते, प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग किमान २३८०, त्यात निदान तीन ग्रँडमास्टर, आणि आपला देश सोडून आणखी किमान दोन महासंघांचे खेळाडू. असे नॉर्म मिळून २७ डाव भरायचे आणि कधीतरी २५०० रेटिंग गाठायचं. म्हणजे घराजवळ कितीही चांगला खेळलात तरी परदेशी माणसं समोर बसल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. दुर्गम भागातल्या खेळाडूपुढे दोनच रस्ते. आपण बाहेर जायचं, नाहीतर बाहेरच्यांना आपल्याकडे आणायचं.

१६८० च्या मुलासाठी हे फार पुढचं झालं, कल्पना आहे. पण प्रश्न टिकण्याचा असेल तर रचना ठाऊक असलेली बरी.

खलाशी काका

मी मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली. आमच्यापेक्षा विरळ वस्ती कुणाची असेल तर सांगा. बावीस माणसं आणि सगळीकडे पाणी.

एका जहाजावर युक्रेनचा सेकंड इंजिनियर होता. जेवणाच्या टेबलावर लोहचुंबकाचा पट. काळा एक हत्ती कधीचा हरवलेला, त्याच्या जागी इंजिनरूममधला पितळी नट. तो नट इतका जड की सरकवला की पट तिरका व्हायचा. मी त्याच्याकडून पहिले वीसेक डाव सलग हरलो. माणूस एक अक्षर बोलायचा नाही. डाव संपला की सोंगट्या पुन्हा मांडायचा, माझी चूक झालेल्या जागेपर्यंत खेळत यायचा, आणि त्या घरावर बोटाने दोनदा टक-टक. बस. मग माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मला उत्तर सापडेपर्यंत स्वतः चहासुद्धा प्यायचा नाही.

नंतर जहाजांवर वायफाय आलं आणि जो तो आपल्या केबिनमध्ये. पट होते तिथेच राहिले, टक-टक करणारं कोणी राहिलं नाही. रानजाई, तुमच्या बहिणीला जे खटकतंय ते मला नीट कळलं. प्रतिस्पर्धी फोनमध्ये लाखो आहेत. हरल्यावर समोर थांबणारा एक पाहिजे.

मधुरा_क

काका, किस्सा झकास. पण तो टक-टक वाला प्रशिक्षक व्हिडिओ कॉलवरही टक-टक करू शकतो की.

खलाशी काका

करू शकतो. तास संपला की कॉल कट होतो एवढंच.

जुनाट

पोस्टकार्डावरचं बुद्धिबळ आठवतंय का कुणाला? माझ्या लहानपणी आसपास खेळणारं कोणी नव्हतं, तेव्हा टपालानेच खेळलो. एका कार्डावर एक चाल, फार तर सोबत 'तुम्ही अमुक केलंत तर मी तमुक' अशी सशर्त चाल. एक डाव दोन-दोन वर्षं. प्रत्येक डावाला वहीचं एक पान, कोपऱ्यात कार्ड पाठवल्याची आणि आल्याची तारीख. आमचा पोस्टमन कार्डं वाचायचा, लपवायचाही नाही. एकदा मला म्हणाला, "घोडा कशाला पुढे घातलात? तो मागच्या वेळेला पण पस्तावला होता." त्याला खेळ येत नव्हता, पण समोरच्याच्या कार्डावरचं उद्गारचिन्ह त्याने बरोबर हेरलं होतं.

हे नुसतं स्मरणरंजन नाही. एस्टोनियाचा पॉल केरेस घ्या. पर्नूसारख्या छोट्या गावात वाढला, तोलाचे खेळाडू जवळ नव्हते, म्हणून शाळेत असल्यापासून टपालाने खेळायचा. एका वेळी दीडशेपर्यंत डाव चालू असत म्हणतात. पुढे १९३८ च्या आव्रो स्पर्धेत रूबेन फाइनबरोबर संयुक्त पहिला आला. त्या स्पर्धेत त्या काळचे दिग्गज आलेखिन, कापाब्लांका, बोत्विनिक, ऑयवे सगळे होते.

तिरकस उंट

दीडशे डाव! तिकिटांच्या खर्चातच वडिलांना मात झाली असेल.

शंकेखोर

जुनाट, महायुद्धात सेन्सॉरवाले असली कार्डं सांकेतिक संदेश समजून अडवायचे. तुमचा पोस्टमन चुकून तिकडे असता तर तुम्ही आत असता.

पण मुद्द्यावर येतो. केरेस अपवाद आहे. अपवादाची गोष्ट सांगून आईबापांना धीर देण्यात अर्थ नाही. ज्या हजारो मुलांना जवळ कोणी नव्हतं आणि ज्यांनी खेळ सोडला, त्यांच्यावर कोणी पान लिहीत नाही.

भटकभवानी

धागा वाचून राहवलं नाही. ग्रिम्सी बेटाबद्दल कुणी कसं लिहिलं नाही अजून?

आइसलँडच्या मुख्य भूमीपासून साधारण ४० किमी उत्तरेला, आर्क्टिक वृत्त ज्यावरून जातं ते बेट. वस्ती शंभराच्या आत. डाल्विकहून फेरीबोट जाते, साधारण तीन तास, आणि समुद्र खवळलेला असेल तर त्या तीन तासांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पक्षी मात्र अगणित.

१९ व्या शतकात विलर्ड फिस्क नावाचे अमेरिकी विद्वान होते, कॉर्नेल विद्यापीठाचे ग्रंथपाल. १८५७ च्या पहिल्या अमेरिकी बुद्धिबळ काँग्रेसच्या आयोजनात ते होते, पॉल मॉर्फीबरोबर त्यांनी मासिकही चालवलं. आइसलँडचं भयंकर वेड. ग्रिम्सीचे लोक बुद्धिबळाचे शौकीन असल्याचं त्यांच्या कानावर आलं. बेटावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही, जहाजातून लांबून पाहिलं तेवढंच. तरी घरांसाठी पट-सोंगट्या पाठवल्या, पुस्तकं पाठवली, आणि १९०४ मध्ये गेले तेव्हा मृत्युपत्रात बेटासाठी १२,००० डॉलर ठेवून गेले. आजही ११ नोव्हेंबरला, त्यांच्या वाढदिवशी, बेटावर सण असतो.

मी उन्हाळ्यात गेले होते. खरं सांगते, त्या दिवशी कोणीही पट मांडून बसलेलं दिसलं नाही. सगळे मासे आणि पर्यटक यांच्यातच गुंतलेले.

शंकेखोर

आणि ग्रिम्सीचे ग्रँडमास्टर किती?

भटकभवानी

शून्य. पण आइसलँडचे १५ च्या आसपास आहेत, आणि देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. एवढी माणसं आपल्याकडे एका वॉर्डात असतात. आता बोला.

पटपंच

आइसलँडचं उदाहरण योग्य आहे, पण ते थंडी आणि लांब रात्रींचं फळ नाही. लांब रात्री ग्रीनलंडलाही आहेत. फ्रिद्रिक ओलाफसन १९५८ मध्ये त्यांचा पहिला ग्रँडमास्टर झाला, पोर्तोरोझच्या इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) कोवळ्या बॉबी फिशरबरोबर पाचव्या-सहाव्या स्थानावर. तेव्हा देशात पावणेदोन लाखसुद्धा माणसं नव्हती. घरचा माणूस जगात खेळतोय म्हटल्यावर पोरं पटावर बसली. १९६४ पासून रेक्याविक ओपन सुरू, पहिली माजी जगज्जेता ताल जिंकला, १३ पैकी १२.५. मग १९७२ चा तिथेच झालेला फिशर–स्पास्की जगज्जेतेपदाचा सामना. १९८६ च्या दुबई ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांच्या स्पर्धेत) आइसलँड पाचवा. १९८८ मध्ये जोहान यार्तारसनने कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) सामन्यात कोर्चनॉयला घरी पाठवलं. शिवाय तिथलं सरकार बरीच वर्षं ग्रँडमास्टरांना मानधन देत आलं, त्याचा कायदाच केला होता.

मी वर म्हटलं ना, बाहेरच्यांना घरी आणायचं. त्यांनी साठ वर्षं तेच केलं.

अडीच घरं

रेक्याविक ओपन मी खेळलोय! माझं रेटिंग तेव्हा १७४०, म्हणजे तिथल्या हिशेबात मी खुर्ची भरायला. हार्पाच्या त्या काचेच्या इमारतीत एकाच सभागृहात पहिल्या पटावर २७०० वाला आणि शेवटच्या ओळीत आमच्यासारखे. पाणी आणायला उठलं की ग्रँडमास्टरच्या खांद्यावरून डाव बघता येतो.

तिसऱ्या फेरीत समोर दहा-अकरा वर्षांची स्थानिक मुलगी. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी एक प्यादं वर, मनातल्या मनात गुण मांडून मोकळा. तिने हत्तींच्या एंडिंगमध्ये (थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या शेवटच्या टप्प्यात) चाळीसेक चाली मला घासत ठेवलं आणि बरोबरी घेतली. सही केल्यावर मी निघालो तर ती विश्लेषणाच्या खोलीकडे बोट दाखवतेय, चला म्हणून. तिथे तिचे आजोबा की शेजारी कोण होते, त्यांनी मला दाखवलं की ४१ व्या चालीला राजा पुढे घेतला असता तर मी जिंकत होतो. तिने ते डाव चालू असतानाच पाहिलं होतं आणि मी ते खेळू नये म्हणून देवाचा धावा करत होती म्हणे.

फिशरची कबरही पाहिली. सेल्फोसजवळ लौगारदैलिरच्या छोट्या चर्चच्या आवारात. साधा पांढरा दगड, नाव आणि तारखा.

मधुरा_क

अडीच घरं, हे वाचून माझं मत थोडं डळमळलं. थोडंच.

गणिती गाढव

पटपंचांनी एक गोष्ट सांगितली नाही. छोट्या बंद गटात रेटिंग फसवं होतं. १६८० चा मुलगा त्याच सहा जणांशी वर्षभर खेळला तर तो आकडा काही सांगत नाही.

टोकाचं उदाहरण: क्लॉड ब्लडगुड. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता, सहकैद्यांशीच खेळायचा. १९९६ च्या सुमाराला त्याचं अमेरिकी रेटिंग २७०० च्या वर गेलं होतं. कागदावर देशातल्या सर्वोच्च खेळाडूंच्या रांगेत! ९० च्या दशकात म्यानमारच्या खेळाडूंची रेटिंग्ज अशीच फुगल्याचं प्रकरण गाजलं होतं.

पटपंच

अर्धं बरोबर. मुलांच्या बाबतीत उलटंही होतं. १८ वर्षांखाली आणि २३०० च्या आत के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४०, मोठ्यांचा सहसा २०. दोघेही १६०० चे आणि मुलगा जिंकला, तर मुलाला +२०, मोठ्याला −१०. म्हणजे गटात दहा गुणांची हवा भरली. पण मुलगा रेटिंगपेक्षा भराभर सुधारत असेल तर तो मोठ्यांचे गुण ओरबाडत राहतो आणि सगळा गट खाली बसतो. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या आतली सगळी रेटिंग्ज एकरकमी वर उचलली आणि किमान रेटिंग १४०० केलं, ते याच घसरणीमुळे. फुगणार की बसणार हे गटात कोण आहे यावर.

गणिती गाढव

म्हणजे दोन्ही बाजूंनी आकडा खोटाच ना? मी तेच म्हणत होतो.

तिरकस उंट

वाद बरोबरीत सुटला. दोघांनी सह्या करून पंचांकडे कागद द्यावा. अरे हो, एक तर स्वतःच पंच आहेत.

घारापुरीकर

केरळातलं मरोट्टिचाल गाव विसरलात! एका चहाच्या दुकानदाराने गावाला दारू-जुगारापासून तोडण्यासाठी बुद्धिबळ शिकवलं. आज घरोघर खेळतात.

शंकेखोर

उदाहरण छान, पण केरळात विरळ वस्ती? तिथे एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

स्टेपचा वारा

विरळ वस्ती आणि बुद्धिबळ म्हणताय आणि कालमिकियाचं नाव नाही? रशियात, कास्पियनच्या वायव्येला, नुसतं गवताळ माळरान. ७६ हजार चौरस किमी, माणसं पावणेतीन लाखांच्या आसपास. किर्सान इल्युमजिनोव १९९३ ते २०१० तिथला प्रमुख आणि १९९५ ते २०१८ फिडेचा अध्यक्ष. शाळांत बुद्धिबळ आणलं, राजधानी एलिस्टात 'बुद्धिबळ नगरी' उभारली, १९९८ चं ऑलिंपियाड भरवलं. इमारती वेळेत न झाल्याने सुरुवात लांबली होती. गरीब प्रजासत्ताकात एवढा पैसा कशाला, हे विचारणारेही होते. त्यावर लिहिणाऱ्या पत्रकार लारिसा युदिना यांचा त्याच वर्षी जूनमध्ये खून झाला. ते विसरून त्या नगरीचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

पण खेळाडूही निघाले. सनान स्युगिरोव एलिस्टाचाच, २००३ मध्ये दहा वर्षांखालचा जगज्जेता, पुढे ग्रँडमास्टर. हल्ली हंगेरीकडून खेळतो.

तिरकस उंट

एलिस्टा म्हटलं की मला २००६ चा क्रामनिक–टोपालोव सामनाच आठवतो. जगज्जेतेपदाचा पाचवा डाव संडासाच्या वादावरून सोडून दिला गेला. एवढं मोकळं माळरान आजूबाजूला असताना!

अडीच घरं

😂😂 आवरा.

जुनाट

खांती-मानसिस्कही त्याच जातीचं. पश्चिम सायबेरिया, जंगल, दलदल आणि तेल. गाव लाखभर वस्तीचं, पण विश्वचषक काय, २०१० चं ऑलिंपियाड काय. आणि २०१४ चं कँडिडेट्स! चेन्नईत जगज्जेतेपदाचा मुकुट गमावून चार महिने झाले होते, सगळे म्हणत होते विश्वनाथन आनंद संपला. आमच्या घरी मी आणि मुलगा रोज डाव बघायला बसायचो. १४ पैकी ८.५, पूर्ण एक गुण पुढे. त्या गावाचं नाव मला तोवर उच्चारता येत नव्हतं, त्या महिन्यात पाठ झालं.

शंकेखोर

ही दोन्ही वरून ओतलेल्या पैशांची उदाहरणं आहेत. पैसा आहे तोवर हॉल भरतो. फेरो बेटं बघा त्यापेक्षा. ५५ हजारांच्या आत-बाहेर वस्ती, गावोगाव क्लब, आपसांत लीग. कोणी नगरी-बिगरी बांधली नाही. हेल्गी दाम झिस्का २०१७ मध्ये त्यांचा पहिला ग्रँडमास्टर झाला.

(होय, मीच लिहितोय हे. मी वर म्हटलेलं मागे घेत नाही, पण हे उदाहरण मला स्वतःला पटलेलं आहे.)

ओव्या_आणि_शिव्या

जरा अवांतर. मंगोलियात 'शतर' नावाचा जुना प्रकार खेळतात. आपल्यासारखाच त्यांच्याकडेही उंट आहे! हत्तीच्या जागी गाडा. आणि जुन्या नियमात घोड्याने मात देता येत नाही. घोड्यांच्या देशात घोड्यालाच मज्जाव.

तिरकस उंट

उंटाचा उल्लेख झाल्याबद्दल समाजातर्फे आभार.

भटकभवानी

अवांतरात माझीही भर. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या १२ व्या शतकातल्या सोंगट्या, बहुतेक वॉलरसच्या दाताच्या. त्यातले काही हत्ती म्हणजे ढाल दातांनी चावणारे सैनिक. वेळ संपत आल्यावर माझा चेहरा अगदी तसाच होतो.

घारापुरीकर

सगळ्यात दुर्गम डाव: जून १९७०, सोयुझ ९. निकोलायेव आणि सेवास्त्यानोव अंतराळात, समोर जमिनीवरचे सहकारी. सोंगट्या तरंगू नयेत म्हणून पटाला खाचा. डाव बरोबरीत. आणि अंटार्क्टिकावर एका सोव्हिएत तळावर बुद्धिबळावरून कुऱ्हाड चालली म्हणून खेळावर बंदी आली होती, तेही आहेच.

पटपंच

सोयुझचं खरं. कुऱ्हाडीची गोष्ट मीही पंचवीस वर्षं ऐकतोय, पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही.

रानजाई

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! बहिणीला पूर्ण धागा वाचून दाखवला. मेहुणे संडासाच्या प्रतिसादाला इतके हसले की शेजारी बघायला आले. शेजारी म्हणजे चारशे मीटरवरचे.

आता ताजी खबर. गेल्या शनिवारी तिकडे एक छोटी स्पर्धा होती, पाच फेऱ्यांची. घरून पहाटे निघाले. तिथे हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर वारा सुटला की फाटक बंद करतात. मग गाड्या जमतात आणि बर्फ काढणाऱ्या यंत्रामागून सगळ्यांना एका रांगेत सोडतात. हे दीड तास फाटकाशी उभे. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसत नव्हतं म्हणे. पोचले तेव्हा पहिली फेरी सुरू होऊन चाळीस मिनिटं झालेली आणि गुण गेलेला. मुलगा रडला नाही, पण दुसरा डाव ११ चालींत हरला.

असा नियम असतो का हो, पटपंच? वादळ आलं त्याला पोरगं काय करणार?

पटपंच

असतो. किती उशीर चालेल ते आयोजकांनी आधी जाहीर करायचं असतं. काहीच जाहीर केलं नसेल तर शून्य मिनिटं. पण वाटेतून फोन केला असता तर पंच मधला मार्ग काढू शकतात. बऱ्याच खुल्या स्पर्धांत एखाद्या फेरीला आधी मागून अर्ध्या गुणाचा 'बाय' मिळतो, म्हणजे ती फेरी न खेळता अर्धा गुण. पुढच्या वेळी पहिल्या फेरीसाठी तो आधीच मागून ठेवा, रस्ता बंद असो वा नसो. दुर्गम भागातले अनुभवी खेळाडू हेच करतात.

वास्तववादी

कटू लिहितो, राग मानू नका. अकरा वर्षांच्या मुलाला पहाटे उठवून बर्फातून चार-चार तास नेणं हा त्याचा छंद आहे की आईबापांचा? त्याला विचारलंय का कुणी? तिथे स्की शिकेल, मासे पकडेल. १६८० चा १५०० झाला तर आभाळ कोसळत नाही.

रानजाई

राग नाही. विचारलं. म्हणाला, "पुढची स्पर्धा कधी आहे?" स्कीही शिकतोय, त्यात दर आठवड्याला पडतो.

अडीच घरं

मग सोपं आहे. वर्षभर दोन मोठ्या गोष्टी धरा. नॉर्वेची राष्ट्रीय स्पर्धा उन्हाळ्यात असते, दर वर्षी वेगळ्या गावात, आणि त्यात सगळ्या दर्जांचे गट असतात. सलग नऊएक दिवस रोज डाव. आणि एखादं रेक्याविक. बाकी वर्ष ते मंगळवारचे सहा जण. साठीच्या पुढचे चार जण आहेत म्हणालात ना, त्यातला एखादा नक्की असा निघेल ज्याला एंडिंग येतं. ते लोक उगाच पन्नास वर्षं क्लबात जात नाहीत.

खलाशी काका

अडीच घरं, हेच लिहायला आलो होतो. रानजाई, त्या चौघांपैकी हरल्यावर लगेच कोट चढवत नाही तो कोण, एवढं बघायला सांगा.

रानजाई

काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण असा एक आहे!

निवृत्त शिक्षक, कानाला यंत्र लावतात, इंग्रजी जेमतेम. भाच्याला नॉर्वेजियन जेमतेम. काल मंगळवारी वादळामुळे क्लब बंद होता, तर त्यांनी घरी फोन केला. दोघांनी आपापल्या घरी पट मांडला आणि शनिवारचा तो ११ चालींचा डाव फोनवरून पुन्हा खेळले. इंजिन लावायचं नाही अशी त्यांची अट. बहीण दारातून बघत होती. सातव्या चालीला दोघेही गप्प. बराच वेळ. तिला वाटलं फोन कट झाला. मग पलीकडून ते काहीतरी म्हणाले आणि हा मराठीत ओरडला, "अरे हो, उंट!" त्यांना ते कळलं की नाही देव जाणे. पण ते हसले.

दीड तास चाललं. शेवटी तो शनिवारच्या डावावर चिडला, चांगला चिडला. बहीण जाम खूश.

आणि नॉर्वेजियनमध्ये प्याद्याला शेतकरी म्हणतात, असं त्याने मला आज सांगितलं. उंटाला 'धावणारा'.

तिरकस उंट

धावणारा? या गुडघ्यांनी?

जुनाट

रानजाई, तो ११ चालींचा डाव इथे टाका की. सातव्या चालीला काय होतं ते बघू दे. मीही इंजिन लावणार नाही.

रानजाई

त्याला विचारते. चालींचा कागद त्याने त्या शिक्षकांकडे पोस्टाने पाठवलाय म्हणे, परत आला की टाकते.